दाखल क्रमांक १२१७

गुरुवार माझा.
सोमवार शिकलगार चाचांचा, एसटीतून निवृत्त,
पुस्तक देताना अजून तिकीट फाडल्यासारखा
मनगटाला झटका देतात.
मंगळवारी इंदूताई भिंगारदेवे.
शनिवारी जो मोकळा असेल तो,
म्हणजे पुन्हा मीच, पिको-फॉलचं दुकान लवकर बंद करून.

किल्ली खालच्या गिरणीत असते, कायम पिठात माखलेली.
म्हणून आमच्या वाचनालयाच्या दारावर
इतक्या वर्षांचे पांढरे हात.

विट्यात 'शांतता राखा' ही पाटी लावून उपयोग नाही.
भिंतीपलीकडे यंत्रमाग.
इथं वाचणारे ओरडून बोलतात
आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.
वीज गेली, माग थांबले,
की मात्र सगळे एकदम माना वर करतात,
कुणीतरी नावानं हाक मारल्यासारखे.

अशाच एका वीज गेलेल्या गुरुवारी
मी खळ शिजवून आणली होती, चिमूटभर मोरचूद घालून,
नाहीतर झुरळं कथा-कादंबरी असला भेद करत नाहीत,
तेव्हा तो जिना चढून आला.
तिशीचा असेल. चपला बाहेर काढल्या.
आमच्याकडं कुणी काढत नाही.

पिशवीतून पुस्तक निघालं.
मुखपृष्ठ गेलेलं, नाव गेलेलं,
पाठीवर आमची चिठ्ठी तेवढी शाबूत: १२१७.
"वडलांनी नेलं होतं. द्यायचं राहून गेलं."

जुनी देवघेव वही काढली.
यशवंत तारळेकर, धंदा गलाई.
नेल्याची तारीख ११ ऑगस्ट ९३.
पुढचा रकाना कोरा.

इथून माणसं अशीच जातात, मूस आणि चिमटा घेऊन,
जिथं सोनं वितळतं तिथं.
हा सेलमला गेला होता,
गाठोड्यात आमची एक म्हैस घेऊन.

दंड दिवसाला दहा पैसे.
मी गुणाकार मांडला, हातचा घेतला,
आणि कागद चुरगाळला.

समासात पेन्सिलीचे आकडे. ग्रॅम, मिली, घट.
एका पानावर तेजाबाचा थेंब पडून
आरपार भोक,
त्यातून पुढच्या पानावरचं 'पाणी' दिसत होतं.

"म्हशीचीच गोष्ट ना? येरळा ओलांडून गेलेली?"
मराठी बोलतो तो, आईपेक्षा बरं.
वाचता मात्र तमिळ येतं.

हो म्हटलं. आणि वहीतला शेरा दाखवला,
मग लक्षात आलं, वाचूनच दाखवला पाहिजे:
शेवटची चार पाने नाहीत. देताना सांगितले आहे.

तो गप्प झाला.
"शेवट तर रोज रात्री वाचायचे."
काय असायचं शेवटी?
"गिऱ्हाईक आलेलं असलं, की म्हैस दारात येऊन हंबरायची.
नसलं, की लांबच्या गावात कुणीतरी तिला पाणी पाजायचं.
मग ती…"
तेवढ्यात वीज आली, माग सुरू झाले.
तो ओरडला,
"मग ती तिथंच राहायची!"
पेपर वाचणारे तिघं त्याच्याकडं बघत राहिले.

खळ कोमट होती अजून.
मी शेवटी चार कोरी पानं चिकटवली, म्हटलं, लिही.
"मराठी येत नाही लिहायला."
येतं त्यात लिही.

खाली बसला, मांडीवर पुस्तक घेऊन.
दीड पान झालं. अडीच पानं तशीच ठेवली.
काय लिहिलं ते मी विचारलं नाही.
तिसऱ्या दिवशी तो सेलमला गेला.

१२१७ आता बाहेरच असतं.
इंदूताईंचा नातू त्या गोल गोल अक्षरांवर
बोट फिरवतो, म्हणतो, ही म्हशीची पावलं.
चाचा म्हणतात, घरी आली असणार.
मी काही म्हणत नाही.

जुन्या शेऱ्यावर मी रेघ मारली आहे.
खाली लिहिलंय:
शेवट आहे. वाचता येत नाही.